टेबलावरचा स्विच: वेग हवा, घरघर नको

प्रश्न: माझ्या कामाच्या खोलीत व्हिडिओ एडिटिंगचा कॉम्प्युटर आणि दोन हार्ड डिस्कचा नॅस (नेटवर्कवरून वापरायचा फाइलसाठा) आहे. शेजारच्या खोलीत वायफाय ॲक्सेस पॉइंट आहे. त्याला वीज इंजेक्टरमधून (नेटवर्क केबलमधूनच वीज पाठवणारा छोटा डबा) जाते आणि भिंतीतली नेटवर्क केबल कॅट ५ई या जुन्या प्रकारची आहे. तिन्ही उपकरणांना २.५ गिगाबिटचे पोर्ट आहेत, त्यांना जोडणारा मधला नेटवर्क स्विच मात्र एक गिगाबिटचा. बदलायचाच तर आठही पोर्ट १० गिगाबिटचे असलेला घ्यावा का? याच टेबलावर मी निवेदन रेकॉर्ड करते, त्यामुळे पंख्याचा आवाज चालणार नाही.

उत्तर: नका घेऊ. तांब्याच्या केबलवर १० गिगाबिट चालवणारा एकेक पोर्ट दोन ते पाच वॉट वीज खातो. असे आठ पोर्ट एका छोट्या डब्यात भरले, की आत पंखा बसवण्यावाचून कंपनीला सहसा गत्यंतर नसतं. डबा बुटका, म्हणून पंखाही जेमतेम ४० मिलिमीटरचा. आणि एवढासा पंखा पुरेशी हवा ढकलायला फार वेगाने फिरतो. त्याची बारीक, उंच पट्टीतली शीळ माइक हमखास पकडतो. २.५ गिगाबिटचे पोर्ट बरेच थंड चालतात. पाच किंवा आठ पोर्टचे असे स्विच बिनपंख्याचे, धातूच्या डब्यात सहज मिळतात. तुमच्यासाठी तोच योग्य.

वेगातही तुमचं काही अडणार नाही. एक गिगाबिटवर फाइल सेकंदाला साधारण ११५ मेगाबाइटने जाते, २.५ वर २८० च्या आसपास. दोन डिस्क मिररमध्ये (दोन्हींवर तीच प्रत) लावल्या असतील तर लिहिण्याचा वेग एकाच डिस्कचा मिळतो, आणि मोठ्या फाइलला तो बहुधा २८० च्या आतच असतो. म्हणजे १० गिगाबिट घेतलं तरी वाट डिस्कचीच बघायची.

भिंत फोडायचं तर मनातही आणू नका. २.५ आणि ५ गिगाबिटचं ८०२.३बीझेड हे मानक २०१६ मध्ये आलं ते जुन्या केबल वापरात राहाव्यात म्हणूनच. कॅट ५ई वर २.५ गिगाबिट १०० मीटरपर्यंत चालतं.

पुढे नॅसमध्ये एसएसडी घालायचा विचार असेल, तर एक-दोन एसएफपी प्लस खाचा (वेगळ्या प्रकारचा प्लग घ्यायच्या १० गिगाबिटच्या खाचा) असलेला स्विच बघा. तिथे तयार डॅक केबल (दोन्ही टोकांना त्या खाचेचे प्लग जोडूनच येणारी छोटी केबल) लावली की १० गिगाबिट मिळतं आणि उष्णता नगण्य; अर्थात दोन्ही टोकांना तशी खाच लागते. त्या खाचेत नेहमीची तांब्याची नेटवर्क केबल जोडायचं मॉड्यूल मात्र घालू नका. बिनपंख्याच्या डब्यात ते बोट ठेववत नाही इतकं तापतं. शिवाय एसएफपी प्लसच्या बऱ्याच खाचा फक्त १ आणि १० गिगाबिटच ओळखतात, २.५ नाही.

स्विच नॅसच्या डोक्यावर ठेवू नका, बाजूला मोकळा राहू द्या. रात्री खोली शांत असताना ॲडॉप्टरजवळ कान नेऊन बघा. काही ॲडॉप्टर चीं चीं करतात, आणि तेही रेकॉर्डिंगमध्ये उतरतं. असा निघाला तर बदलून घ्या.

आणि तो इंजेक्टर तपासा. एक गिगाबिटचा असेल तर नव्या स्विचवरही ॲक्सेस पॉइंट एकवरच अडकेल आणि दोष स्विचला लागेल. वेग बहुधा इंजेक्टरच्या लेबलवर छापलेला असतो.