कंपायलर की हार्डवेअर? आधी असेंब्ली उघडून बघ

सर बिर नको म्हणूस रे, दादा चालेल. तर तुझं म्हणणं असं की चिपळूणला शेवटच्या वर्षाला आहेस, एम्बेडेडमधे (यंत्रात बसवलेल्या छोट्या चिपांच्या कामात) रिसर्च करायचाय, गाईड म्हणतात कंपायलर (सी कोडचं चिपच्या भाषेत भाषांतर करणारा प्रोग्राम) घे नाहीतर प्रोसेसर आर्किटेक्चर घे, एकच काय ते ठरव, आणि कॉलेजात धड एफपीजीए बोर्ड, म्हणजे ज्यावर स्वतःचा प्रोसेसर उतरवून बघता येतो तो, पण नाही. माझं विचारशील तर ठरवूच नकोस. या विषयात जी काही मजा आहे ती दोघांच्या बांधावर आहे, म्हणजे कुठलं काम चिपने करायचं आणि कुठलं कंपायलरच्या गळ्यात घालायचं, ही वाटणी. भावकीच्या वाटणीसारखंच, भांडणं पण तिथेच होतात.

मला हे कळलं ते एका पर्जन्यमापकामुळे. राजापूरकडे एका मित्राच्या बागेत आम्ही घरगुती रेनगेज लावला होता, आतली डोलणारी वाटी ०.२ मिलिमीटर पाऊस साठला की उलटते, उलटली की इंटरप्ट, म्हणजे हातातलं काम थांबवून आधी इकडे बघ असा चिपला इशारा, इंटरप्टमधे काउंट एकने वाढतो. चिप एटीमेगा ३२८पी, ३२ केबी फ्लॅश, २ केबी रॅम, ८ बिटवाली. मेन लूप सारखा काउंट वाचत बसायचा आणि बदलला की कार्डावर लिहायचा, दिवसाचा पाऊस म्हणून मी शीटमधे सगळ्यात मोठा आकडा उचलायचो. एक दिवस १०२.२ मिलिमीटर दाखवला. आता जुलैत कोकणात १०२ म्हटल्यावर कोण शंका घेणार, लिहून मोकळा झालो. पण शेजारच्या साध्या नळीच्या मापकात साठच्या आसपासच होतं. लॉग उघडला तर ओळीने २५४, २५५, ५११, २५६, २५७.

काउंटच्या व्हेरिएबलला सीमधलं व्होलाटाईल लावलेलं होतं त्यामुळे दोन दिवस मी वायरिंगवरच संशय घेतला, वाटी सोडून सगळं बदललं. शेवटी ऑब्जडम्प हे टूल मारून असेंब्ली, म्हणजे कंपायलरने चिपसाठी काढलेल्या इन्स्ट्रक्शन, बघितली आणि तिथे सगळं लख्ख दिसलं. काउंट १६ बिटचा, चिप ८ बिटची, म्हणजे कंपायलर तो दोन तुकड्यांत वाचणार, आधी खालचा बाइट मग वरचा. २५५ चा खालचा बाइट वाचला, तेवढ्यात वाटी उलटली, इंटरप्टने काउंट २५६ केला, मग वरचा बाइट वाचला, तो आता १. जोडलं की ५११. व्होलाटाईल एवढंच सांगतं की दर वेळी मेमरीतूनच वाच, एका दमात वाच असं नाही सांगत. वाचण्याआधी इंटरप्ट बंद आणि वाचल्यावर परत पूर्ववत, एवढंच औषध. आणि हाच सी कोड ३२ बिटच्या एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह जातीच्या चिपवर टाक, १६ बिटचं वाचन एकाच इन्स्ट्रक्शनमधे होतं, त्यामुळे ही चूक दिसतच नाही. कोड तोच, कंपायलर जीसीसी तोच. मग दोष कोणाचा ते सांग.

(कंपायलर नेहमीच साव असतो असंही नाही हां. २००८ साली युटा विद्यापीठातल्या एरिक आइड आणि जॉन रेगर यांनी १३ सी कंपायलर तपासले आणि तेराच्या तेरांमधे व्होलाटाईलसाठी चुकीचा कोड तयार होण्याच्या जागा सापडल्या. पण आधी स्वतःचा कोड बघावा, मग दुसऱ्याला नावं ठेवावीत.)

त्याच असेंब्लीत अजून एक गंमत बघ. एव्हीआरमधे (एटीमेगा ज्या घराण्यातली ते) एका ८ बिटच्या रजिस्टरात हवा तो आकडा थेट मिळवायची इन्स्ट्रक्शनच नाही, वजा करायची आहे, म्हणून कंपायलर ५ मिळवायला उणे ५ वजा करतो. पहिल्यांदा बघितलं की वाटतं हा काय वेडेपणा, पण ओपकोडची (इन्स्ट्रक्शन ओळखायच्या आकड्यांची) जागा वाचते आणि कंपायलरला काही फरक पडत नाही. हा प्रोसेसर आखतानाच आयएआर या कंपायलर बनवणाऱ्या कंपनीच्या लोकांना सोबत घेतलं होतं. वाटणी आधीच बसून केलेली, म्हणून कटकट कमी.

आता रिसर्चचं म्हणशील तर वाचायला सुरुवात स्क्रॅचपॅड मेमरीपासून कर. कॅश काय, स्क्रॅचपॅड काय, दोन्ही प्रोसेसरजवळच्या छोट्या वेगवान मेमरी. कॅशमधे काय ठेवायचं हे हार्डवेअर चालता चालता ठरवतं, स्क्रॅचपॅडमधे ते कंपायलर आधीच ठरवून देतो. हर्णैचा तांडेल कसा निघायच्या आधीच बर्फ कुठे, डिझेल कुठे, जाळी कुठे ते लावून घेतो, समुद्रात गेल्यावर शोधाशोध नाही, तसं. २००२ च्या एका पेपरमधे दिल्ली आयआयटी आणि जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या लोकांनी दाखवलं की कॅशऐवजी हे वापरलं तर सरासरी ४० टक्के ऊर्जा वाचते. शिवाय स्क्रॅचपॅड असलं की प्रोग्रामला जास्तीत जास्त किती वेळ लागेल ते आधी छातीठोकपणे सांगता येतं, जे कॅश असली की अवघड होऊन बसतं. मुंबई आयआयटीत उदय खेडकर यांच्या गटाने जीसीसीच्या पोटात शिरून बरंच काम केलंय, तेही बघ, पण ते जरा पचायला जड आहे, घाई करू नकोस.

बोर्ड नाही म्हणून रडू नकोस. पिकोआरव्ही३२ हा छोटा रिस्क-फाइव्ह कोर फुकट मिळतो, व्हेरिलेटर या हार्डवेअरची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर लॅपटॉपमधेच चालतो आणि सायकल (चिपच्या घड्याळाचे ठोके) मोजता येतात. त्यात स्वतःची एक इन्स्ट्रक्शन घाल, मी सीआरसी-१६ (निरोप वाटेत बिघडला का ते तपासायची आकडेमोड) घे म्हणेन कारण मॉडबस पद्धतीने बोलणाऱ्या मीटरला ती लागतेच आणि सॉफ्टवेअरमधे बिट बिट करत बसते. पहिल्यांदा कंपायलरला हात लावू नकोस, असेंबलरच्या डॉट-इन्सन या सोयीने हाताने बसव, सायकल किती वाचल्या आणि कोड किती बाइटने कमी झाला ते मोज. मग एलएलव्हीएम या कंपायलरमधे शिर, तिथे कंपायलरला तो सीआरसीचा लूप ओळखून तुझी इन्स्ट्रक्शन आपोआप टाकता येते का बघ. इथे खरा घाम निघतो, कारण माणसं तोच लूप दहा तऱ्हांनी लिहितात. प्रोजेक्ट म्हणून एवढं रग्गड झालं.

एलएलव्हीएम बिल्ड करताना फक्त रिस्क-फाइव्ह टार्गेट ठेव आणि रिलीज मोड लाव, लिंकिंगला (तयार तुकडे जोडायच्या टप्प्याला) एका वेळी एकच जॉब दे, नाहीतर ८ जीबीचा लॅपटॉप गुदमरतो. पावसात लाईट गेली तर घाबरू नकोस, निंजा हे बिल्ड करणारं टूल झालेल्या फायली परत करत नाही, अर्धवट राहिलेल्यापासून पुढे चालू होतं.

त्या रेनगेजचा जुना कोड हवा असेल तर सांग, चूक काढलेली नाही मुद्दाम. गाईडना दाखव आणि विचार, ही चूक कंपायलरच्या खात्यात टाकू की हार्डवेअरच्या.