आधी झाड हातात घे

पोरी,

परवा फोनवर तू बराच वेळ गप्प होतीस. पदव्युत्तर प्रवेश तिसऱ्यांदा हुकला, आता वनस्पतींची टिपणं पुरी करू की सोडू, एवढंच विचारलंस. परीक्षेचं मी बोलत नाही. टिपणांचं बोलतो, कारण शंखपुष्पीचं पान वाचून जीव खाली-वर झाला. ते तू झाड पाहून लिहिलेलं नाहीस.

चीनमध्ये हूबेई प्रांतातल्या छीचौचा ली शिचेन (१५१८–१५९३) सरकारी परीक्षेत तीनदा नापास झाला आणि वैद्य बापाच्या हाताखाली बसला. रोगी पाहता पाहता त्याला कळलं, की जुन्या औषधग्रंथांत एकच वनस्पती दोन नावांनी दोनदा येते. एकाचं पाहून दुसऱ्यानं उतरवलेलं! १५५२ ला तो स्वतःचा औषधग्रंथ, ‘बन्ट्साओ गांगमू’, लिहायला बसला, १५७८ ला हातावेगळा केला, खर्डा तीनदा बदलून. १,८९२ द्रव्यं. आठशेवर ग्रंथ वाचले होते, तरी खवले मांजर मुंग्या खातं म्हणतात, म्हणून त्याचं पोट फाडून पाहिलं. मापटंभर मुंग्या निघाल्या. हसत तोडलेल्या धोतऱ्याच्या फुलाची दारू माणसाला हसवते, नाचत तोडलेल्याची नाचवते, अशी समजूत होती. त्यानं ती स्वतः पिऊन पाहिली (तू असलं काही करायचं नाहीस) आणि लिहिलं, की अर्धी नशा चढल्यावर समोर कोणी हसलं-नाचलं तरच तसं होतं. आधी हातात, मग कागदावर.

तिशीत मी विद्यार्थ्यांसाठी पुस्तिका लिहिली. शंखपुष्पी म्हणून कुठे गोकर्णी, कुठे विष्णुक्रांता वापरतात. मी मात्र दोन पुस्तकांतलं वर्णन जुळवून दिलं. एक मुलगा त्यावरून विष्णुक्रांतेऐवजी पिशवीभर गोकर्णीची मुळं घेऊन आला. छपाईची घाई होती, शिकवण्याचे तास होते, विचारायला जाणतं कोणी नव्हतं. हे सगळं खरं आहे, आणि मी ते आजवर अनेकांना सांगितलंय. पण विष्णुक्रांता दोन कोसांवरच्या माळावर होती. मी गेलो नाही.

म्हणून तुझ्यावर चिडतो. हातात घे, मुळासकट उपट, वास घे, मग लिही. हे मी तुला किती वेळा सांगितलं!

‘बन्ट्साओ गांगमू’च्या प्रस्तावनेसाठी ली शिचेन दहा वर्षं थांबला, ग्रंथ नानजिंगमध्ये छापून निघाला १५९६ ला, तो गेल्यावर तीन वर्षांनी. आणि तू मला विचारतेस, टिपणं छापणार कोण!

रविवारी सकाळी सातला ये. शंखपुष्पीच्या टिपणाचं ते पान फाडून टाक. येताना खुरपं आण आणि बूट घाल, माळावर काटे फार आहेत.