टीव्हीवर लोगोचा डाग : दावा कंपनीवर की दुकानदारावर?

प्रश्न : दिग्रस तालुक्यात राहतो. नागपूरच्या दुकानातून ५५ इंची ओएलईडी टीव्ही १ लाख १५ हजारांना घेतला. दुकानाच्याच माणसाने बसवून दिला. घरी दिवसभर बातम्या चालतात. दहाव्या महिन्यात चॅनलचा लोगो आणि खालची पट्टी पडद्यावर उमटली, ती जात नाही. ब्राइटनेस कमी केला तरी थोड्या वेळाने आपोआप भडक होतो. कंपनीचा मेकॅनिक म्हणतो, 'बर्न-इन आहे, वॉरंटीत बसत नाही.' केस टिकेल का?

उत्तर : नुसती 'पॅनल सदोष आहे' एवढीच तक्रार केली तर अवघड आहे. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि जितका उजळतो तितका झिजतो. एकाच जागी लोगो राहिला की तेवढे ठिपके लवकर झिजतात; यालाच 'बर्न-इन' म्हणतात. हे वापराने होतं, आणि बहुतेक वॉरंटी कार्डांत ते वगळलेलं असतं.

तुमची खरी बाजू आपोआप भडक होण्यात आहे. बसवणाऱ्याने सुरुवातीला 'होम'ऐवजी 'स्टोअर मोड' निवडला असावा. शोरूमच्या उजेडात चित्र उठून दिसावं म्हणून हा मोड ब्राइटनेस वर ठेवतो आणि आपण बदललेली सेटिंग पुन्हा पुसतो. तसं निघालं तर ती दुकानदाराच्या सेवेतील त्रुटी ठरते. विरुद्ध पक्ष क्र. १ दुकानदार, क्र. २ कंपनी करा.

म्हणून आधी फॅक्टरी रीसेट करू नका, पुरावा जाईल. मोडचं नाव, पिक्चर सेटिंग आणि मेनूत दिसत असल्यास एकूण चालू तास यांचे फोटो काढा. पेनड्राइव्हवरून सपाट करडं आणि लाल चित्र लावून डागाचे फोटो घ्या. पडदा आपोआप भडक होताना सलग व्हिडिओ काढा. मेकॅनिककडून जॉबशीट (तपासणीची लेखी नोंद) मागा. 'बर्न-इन' त्यात लिहिलेलं असलं की प्रयोगशाळेच्या तपासणीची गरज सहसा उरत नाही. तिचा खर्च तक्रारदाराला भरावा लागतो.

मग दुकानदार आणि कंपनीला स्पीड पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या. न ऐकल्यास यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४ नुसार तुम्ही राहता तिथेच ती चालते, नागपूरला खेटे घालायला नकोत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. वादकारण (तक्रारीचं मूळ कारण) घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे (कलम ६९). कुणी 'उत्पादन दायित्व (सदोष वस्तूने केलेल्या हानीची जबाबदारी) लावा' म्हणेल. लावू नका, वस्तूचं स्वतःचं नुकसान त्यातल्या 'हानी'च्या व्याख्येतूनच वगळलेलं आहे.

समोरचा वकील दोन गोष्टी विचारेल. टीव्ही कधी घराऐवजी धंद्यासाठी, एखाद्या दुकानात लावला होता का? आणि रात्री बोर्डाचं बटन बंद करता का? ओएलईडी साधारण ४ तास चालल्यावर रिमोटने बंद केला की स्टँडबायमध्ये काही मिनिटं स्वतःची दुरुस्ती करतो. लाईन तोडली तर ती होतच नाही. आपल्याकडे विजेच्या भीतीने बटन बंद करायची सवय घरोघरी आहे; खरं असेल तर लपवू नका. पुस्तिकेत सूचना होती का आणि ती बसवताना कुणी सांगितली का, हे मात्र तक्रारीत मांडा. यामुळे भरपाई कमी होऊ शकते, केस संपत नाही.

फोटो झाल्यावर होम मोड लावा, लोगोचा उजेड कमी करणारी आणि चित्र किंचित सरकवणारी सेटिंग चालू ठेवा.