लेकरांना घेऊन पहिल्यांदा मुंबईला निघताय?

सोलापूरहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरा, लॉजची एक रात्र वाचते. 5 वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही. 5 ते 12 मधल्याचं अर्धं तिकीट काढलं तर बर्थ मिळत नाही. गडबड होते ती इथंच, मग रात्रभर एका बर्थवर दोघं. बर्थ हवा तर पूर्ण भाडं भरा.

दादरला उतरू नका, थेट सीएसएमटीला जा. सकाळची गर्दी सीएसएमटीकडे येते, तुम्ही उलट्या दिशेच्या लोकलनं भायखळ्याला निवांत पोचता. तिथून राणीची बाग चालत. पेंग्विन आधी दाखवा, उन्हात पोरं लवकर कंटाळतात. बुधवारी बाग बंद, तारीख त्या हिशोबानं ठरवा. सोबत दशम्या ठेवा. शेंगाचटणी आपल्यापुरती, पोरांना प्रवासात तिखट नको.