एकाच टेबलावर दोन तसबिरी

प्रिय चिऊ,

काल १ ऑगस्टचे, इथल्या स्विस राष्ट्रीय दिनाचे फटाके बघून घरी येताना तू ट्राममध्ये आजीचा फोटो पुन्हा उघडून बसलीस. गावातल्या वाचनालयाचं टेबल, त्यावर पांढरी चादर, दोन तसबिरी आणि दोघांना झेंडूचे हार. आणि मग विचारलंस, "हे ज्या दिवशी गेले त्याच दिवशी ते जन्मले, वर्षसुद्धा तेच. म्हणजे टिळकच अण्णा भाऊ होऊन परत आले का? आणि कुणी गेलं त्या दिवशी हार का घालायचा?" उत्तर द्यायच्या आत तू झोपलीस. म्हणून हे मराठीत लिहून ठेवतेय. सावकाश वाच, जोडाक्षरांना घाबरू नकोस.

परत वगैरे कुणी आलं नाही गं. लोकमान्य टिळक मुंबईत सरदारगृह नावाच्या इमारतीत वारले, १ ऑगस्ट १९२० ला, मध्यरात्र नुकतीच उलटली होती. तुकाराम भाऊराव साठे, म्हणजे आपले अण्णा भाऊ, त्याच तारखेला सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात जन्मले. गंमत बघ, टिळक तासभर आधी गेले असते तर तारीख ३१ जुलै झाली असती आणि आजीच्या फोटोत एकच तसबीर दिसली असती. पंचांगवाल्याला विचारलंस तर तो वेगळंच सांगेल. त्याचा दिवस सूर्य उगवल्यावर बदलतो, त्यामुळे घड्याळात रविवार लागला तरी त्याच्या हिशेबी अजून शनिवारच होता. गांधीजींची असहकार चळवळ सुरू झाली तीही त्याच १ ऑगस्टला. तो दिवस आधीच ठरलेला होता.

आता हाराचं. जिवंत माणसाचा असतो तो वाढदिवस. माणूस गेल्यावर त्याच दिवसाला जयंती म्हणतात, आणि गेला त्या दिवसाला पुण्यतिथी. त्या दिवशी पार्टी नसते. फोटो पुसायचा, हार घालायचा, चार माणसांनी त्याच्याबद्दल बोलायचं. मी चौथीत असताना फळ्यावर दिनविशेष लिहायची पाळी माझी होती. मी मोठ्या अक्षरात, रंगीत खडूनं लिहिलं, 'लोकमान्य टिळक पुण्यतिथीच्या हार्दिक शुभेच्छा!' बाईंनी डस्टर माझ्या हातात दिलं आणि सगळ्या वर्गासमोर पुसायला लावलं. शुभेच्छा नाही, 'विनम्र अभिवादन'. अजून विसरले नाही.

आणि हो, म्हणायचं पुण्य'तिथी' आणि पाळायची तारीख, हा आपला जुना गोंधळ. आजोबांचं श्राद्ध मात्र आजी तिथीनंच करते, म्हणून दर वर्षी कालनिर्णयवर तिचा लाल गोल वेगळ्या चौकटीत असतो. शिवाजी महाराजांची जयंती तर दोनदा होते, सरकारी १९ फेब्रुवारीला आणि तिथीची फाल्गुन वद्य तृतीयेला. तुझ्या स्विस मैत्रिणींना सांग, हसू नका. त्यांचा देश ज्याच्यापासून सुरू झाला असं मानतात, त्या १२९१ च्या करारावर नुसतं 'ऑगस्टच्या सुरुवातीला' एवढंच लिहिलंय. पहिली तारीख खूप नंतर, १८९१ मध्ये साजरी करायला घेतली. काल तू खाल्लास तो झेंडा खोचलेला पाव त्या तारखेचा.

माझ्या लहानपणी आमच्या शाळेच्या टेबलावर एकच तसबीर असे. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो" म्हणून सुरुवात, मग शेंगांची टरफलं, टाळ्या, संपलं. त्याच दुपारी गावाच्या दुसऱ्या टोकाला मांडव असायचा, हलगी वाजायची. कसलं काय म्हणून विचारलं तर "त्यांची जयंती आहे" एवढंच उत्तर मिळे. 'त्यांची' म्हणजे कुणाची, हे मला कॉलेजात अण्णा भाऊंची 'फकिरा' कादंबरी हातात पडली तेव्हा कळलं. ज्यांना मातंग म्हणून गावानं कडेला ठेवलं, त्यांच्यातला हा माणूस. शाळा जवळजवळ नाहीच. लहानपणी वडिलांबरोबर वाटेगावाहून मुंबईला चालत गेला. चालत, चिऊ! तू ट्रामच्या दोन थांब्यांना कुरकुरतेस. मुंबईत गिरणीत काम केलं, घाटकोपरच्या चिरागनगरच्या झोपडपट्टीत राहून कथा, कादंबऱ्या, पोवाडे, लोकनाट्यं लिहिली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्याची लावणी गिरणगावात घुमली. टिळकांना गिरगाव चौपाटीवर निरोप द्यायला भर पावसात अफाट गर्दी लोटली होती. अण्णा भाऊ १९६९ मध्ये गेले तेव्हा एकोणपन्नास वर्षांचेही पुरे नव्हते.

टिळकांना कमी लेखतेय असं समजू नकोस. 'केसरी'तल्या लेखांसाठी सहा वर्षं मंडालेच्या तुरुंगात काढणं सोपं नव्हतं, तिथं बसून 'गीतारहस्य' लिहिणं तर नाहीच. मला राग येतो तो टेबलाचा. तारीख दोघांची होती, फोटो एकाचाच मांडला. तेव्हा मी काही विचारलं नाही, हेही खरं.

आजीच्या वाचनालयात दुसरी तसबीर कधी आली, मला माहीत नाही. रविवारी तिला फोन करशील तेव्हा तूच विचार. आणि फोटो मोठा करून बघ, अण्णा भाऊंचा हार जरा लांब झालाय, नावाची पट्टी झाकली गेलीय. तेही सांग तिला.

तुझी,
आई