लहान इंटरनॅशनल शाळेत मुलं खरंच शिकतात, की नुसती लाडावतात?

तुम्ही लिहिलंय की मुलगी आठवीत आहे, नोकरीमुळे देश बदलावा लागतोय आणि दोन शाळा समोर आहेत. एक मोठी, नावाजलेली. दुसरी इतकी लहान की एका इयत्तेत जेमतेम दहा-बारा मुलं. दुसरीबद्दल सगळे सांगतात की तिथे मुलांना फार सांभाळून घेतात, आणि तुम्हाला धास्ती वाटते ती नेमकी त्याचीच. हे वाचून हातातलं काम बाजूला ठेवलं. हीच धास्ती आमच्या घरात गेली कित्येक वर्षं माझ्या डोक्यावर आपटली जाते, आणि आपटणारा माझा सख्खा मोठा भाऊ आहे.

आधी सरळ उत्तर देते. लाडावत नाहीत. उलट लपायला जागाच उरत नाही.

मोठ्या वर्गात मागच्या बाकावर बसून अख्खं वर्ष काढता येतं. मी अशाच लहान शाळेत शिकले; आमच्या वर्गात धडा न वाचता आलात तर बाईंना पाच मिनिटांत कळायचं आणि मधल्या सुट्टीपर्यंत बाकीच्या सगळ्या शिक्षकांनाही. गणिताच्या चाचणीत मार्क घसरले की चित्रकलेचे सर जिन्यात गाठून विचारायचे, 'रात्री झोपतेस ना वेळेवर?' त्यांचा गणिताशी काय संबंध! तेव्हा भयंकर राग यायचा. पंधराव्या वर्षी कुणालाही आपल्यावर इतक्या डोळ्यांची नजर नको असते. तुमच्या मुलीलाही नको असेल, हे आधीच धरून चाला.

पण मला सांगायचंय ते इतिहासाच्या सरांबद्दल.

मी आयबी डिप्लोमा केला, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा अकरावी-बारावीचा अभ्यासक्रम. सहा विषय, ४००० शब्दांचा निबंध, टीओके (ज्ञान म्हणजे काय यावर विचार करायला लावणारा भाग), कॅस (कला, खेळ आणि सेवेचे उपक्रम) वगैरे तुम्ही शाळेच्या माहितीपत्रकात वाचलंच असेल. त्यात इंग्रजी साहित्याबरोबर मातृभाषेचं साहित्यही घ्यायचं मी ठरवलं. दोन्ही विषय साहित्याचे घेतले आणि दोन्हींत किमान ३ गुण मिळाले की द्विभाषिक डिप्लोमा मिळतो, हे एक कारण. दुसरं म्हणजे घरी बोलायची भाषा हळूहळू फक्त घरी बोलायचीच उरत चालली होती, आणि ते मला सलत होतं. शाळेत माझी भाषा शिकवणारं कुणी नव्हतं, आणि एका मुलीसाठी शिक्षक कोण नेमणार? अशा वेळी आयबीत 'सेल्फ-टॉट'ची सोय असते. पुस्तकं तुम्हीच वाचायची, शाळेने देखरेख करायची. हा पर्याय फक्त स्टँडर्ड लेव्हलला, म्हणजे विषयाच्या दोन पातळ्यांपैकी खालच्या पातळीला मिळतो. देखरेख म्हणजे काय, ते प्रत्येक शाळा आपापल्या परीने ठरवते. मोठ्या शाळांतल्या मैत्रिणींकडून ऐकलंय की वेगवेगळ्या भाषांची अशी पाच-सहा मुलं एका तासाला वाचनालयात बसवतात, हजेरी घेतात आणि झालं.

आमच्याकडे इतिहासाच्या सरांनी ते अंगावर घेतलं. त्यांना माझ्या भाषेतलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. दर बुधवारी शेवटच्या तासाला मी त्यांच्या वर्गात जायचे आणि वाचलेलं प्रकरण त्यांना इंग्रजीत सांगायचे. ते एका मोठ्या कागदावर पात्रांची वंशावळ काढत बसायचे. नावांचं स्पेलिंग दर आठवड्याला वेगळं. मला सुरुवातीला वाटलं, हा माणूस नुसता वेळ काढतोय. एका कादंबरीत मुलगा आपल्या बापाची गोष्ट सांगतो. कादंबरी माझी आधीच वाचून झाली होती, आवडलीही होती, निबंधाचा विषयही डोक्यात तयार होता. बाप त्या रात्री घराबाहेर पडला, फाटकाची कडी लावायला विसरला वगैरे सगळं मी रंगवून सांगितलं. सरांनी पेन खाली ठेवलं.

'कडी लावली नाही, हे या मुलाला कसं कळलं?'

'त्याने पाहिलं.'

'मागच्या आठवड्यात तू सांगितलंस की त्या रात्री तो तापाने फणफणून झोपला होता.'

मी पानं उलटली. खरंच होतं. तीन प्रकरणं आधी तो स्वतःच सांगतो की सकाळपर्यंत शुद्ध नव्हती. म्हणजे एक तर तो खोटं बोलतोय, नाहीतर जे पाहिलं नाही ते रचून सांगतोय. आणि रचून सांगत असेल तर बापावरचा सगळा राग कशावर उभा आहे? ज्या माणसाला पुस्तकाचं नावही धड उच्चारता येत नव्हतं, त्याने त्या पुस्तकाचा पायाच उकरून दाखवला. इतिहासाचं कागदपत्र हातात आलं की हे कुणी लिहिलं, कधी लिहिलं, कशासाठी लिहिलं आणि काय लिहिलं नाही, हे प्रश्न ते विचारायचे. तेच प्रश्न त्यांनी कादंबरीला लावले होते. त्यानंतर मी कुठलंही पुस्तक सरळ वाचलेलं नाही. नवऱ्याचे ईमेलसुद्धा सरळ वाचत नाही.

माझा तो निबंध सरांना कधीच वाचता आला नाही. तो थेट बाहेरच्या परीक्षकाकडे गेला, त्या विषयात ७ पैकी ६ आले आणि द्विभाषिक डिप्लोमाही मिळाला.

आता दादा. आम्ही देश बदलला तेव्हा तो शेवटच्या वर्षांत होता, म्हणून त्याला हॉस्टेलवर ठेवलं. दीड-दोन हजार मुलांची शाळा, तीही नावाजलेली. त्याचं म्हणणं असं की मी काचघरात वाढले. 'बाहेर कोण येणारे तुला झोप झाली का विचारायला?' हे वाक्य प्रत्येक कौटुंबिक भेटीत एकदा तरी येतंच. आणि दुसरं, 'तुमच्या शाळेत काय, सगळेच पहिले.'

दुसऱ्याचं उत्तर आधी देते, कारण ते तुमच्याही कामाचं आहे. डिप्लोमाचे पेपर शाळा तपासत नाही. ते जगात कुठेतरी बसलेल्या परीक्षकाकडे जातात आणि तुम्ही किती गोड मूल आहात हे त्याला माहीत नसतं. शाळेत जे अंतर्गत मूल्यमापन होतं, त्याचेही नमुने बाहेर जातात. शिक्षकाने सढळ हाताने गुण दिलेले आढळले तर कमी होतात, तेही फक्त नमुन्यातल्या मुलांचे नव्हेत. एकूण ४५ पैकी गुण असतात आणि डिप्लोमा मिळवायला किमान २४ लागतात, शाळा आठ मुलांची असो की आठशेंची. लाड करून सात आणता येत नाहीत. लाड चालू शकतात ते विद्यापीठांना कळवायच्या अंदाजित गुणांत. म्हणून शाळेला विचारायचं असेल तर हे विचारा: गेल्या काही वर्षांत तुम्ही वर्तवलेले गुण आणि प्रत्यक्ष मिळालेले गुण यांत फरक किती? या प्रश्नावर चाचपडणारी शाळा सोडून द्या, मोठी असली तरी.

पहिल्याचं उत्तर दादानेच दिलंय. विद्यापीठात माझ्या वर्गात तीनशे मुलं होती. पहिल्याच आठवड्यात मी प्राध्यापकांच्या दारावर टकटक केली, कारण शिक्षकाच्या दारावर टकटक करायला धाडस लागतं हे मला ठाऊकच नव्हतं. दादा मात्र एकदा जेवताना बोलून गेला की डिग्री होईपर्यंत तो एकाही प्राध्यापकाशी समोरासमोर बोलला नाही. आई हसली. मी तेव्हा काही बोलले नाही, आता इथे लिहितेय. काचघरात वाढलेलं रोप बाहेर कोमेजायला हवं होतं ना? दादा, वाचत असशील तर उत्तर खाली कमेंटमध्ये दे, फोन करू नकोस.

अशा शाळेचं खरं दुखणं वेगळंच आहे आणि ते कुणी माहितीपत्रकात छापत नाही. माणसं जातात. अकरावीच्या मध्यावर माझी जवळची मैत्रीण गेली, तिच्या वडिलांची बदली झाली. तीच रसायनशास्त्राच्या प्रयोगातली जोडीदार, नाटकातली मुख्य भूमिका तिचीच, बसमध्ये शेजारीही तीच. मोठ्या शाळेत एक मैत्रीण गेली तर दुःख होतं. लहान शाळेत एक गेली तर वेळापत्रकच मोडतं. नाटक शेवटी रद्द झालं. दर जूनमध्ये निरोपाची सभा, तीच भाषणं, तेच फोटो. पुढे नव्या मुलीशी मैत्री करताना मी आधी विचारून घ्यायचे, किती वर्षं आहेस? हे सगळ्याच फिरत्या मुलांचं होतं म्हणा. भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास करताना रूथ हिल युसीम या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९५० च्या दशकातच अशा मुलांचं वेगळेपण टिपलं होतं. पण लहान शाळेत ते जास्त बोचतं, कारण बदली खेळाडूच नसतो.

शिक्षकही जातात. करार बहुतेक दोन वर्षांचे असतात, आणि भौतिकशास्त्राला एकच माणूस असेल तर तो गेला की विषय अधांतरी. आमच्याकडे भौतिकशास्त्र आणि अर्थशास्त्र एकाच तासाला होतं. दोन्ही हवं असणाऱ्याने काय करायचं? काही नाही, एक सोडायचं. तुमच्या मुलीचा कल आत्ताच ठराविक विषयांकडे असेल तर अकरावी-बारावीचं वेळापत्रक आजच मागून घ्या, ते 'सामान्यतः काय देतो' ते नव्हे, या वर्षीचं.

आणखी एक सांगायलाच हवं, नाहीतर दादा म्हणेल एकतर्फी लिहिलं. लहान म्हणजे आपोआप प्रेमळ असं नसतं. आठ जणांच्या वर्गात कुणी एकाने वाळीत टाकलं तर जायला दुसरी तुकडी नाही. आमच्या खालच्या वर्गात एका मुलाचं तसं झालं, आणि शिक्षकांना सगळं दिसत असूनही त्याला शेवटी शाळा सोडावी लागली. मुलीला वाचनाची-लिहिण्याची काही खास अडचण असेल तर आपुलकी पुरत नाही, त्यातलं प्रशिक्षण घेतलेला माणूस शाळेत लागतो. लहान शाळांत तो नसण्याची शक्यता जास्त. आणि 'कँडिडेट स्कूल' असं लिहिलेलं दिसलं तर त्या शाळेला आयबीची मान्यता अजून मिळालेली नाही, एवढं लक्षात ठेवा. मान्यता येईपर्यंत तिथून डिप्लोमा होत नाही.

आठवीत घालावं की अकरावीपर्यंत थांबावं, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. आठवीतच घाला. अकरावीत नव्याने येणाऱ्या मुलीला सरांना ओळखायला सहा महिने जातात, आणि तोवर अंतर्गत मूल्यमापनाचे विषय ठरवायची वेळ आलेली असते.