रात्री दोनला पुण्याहून फोन आला, तर

प्रश्न: धाकटा भाऊ कोथरूडला आईजवळ राहतो. दारू फार वाढली आहे, मधूनच भास होतात, आदळआपट करतो. आम्ही न्यू जर्सीत. आईचा घाबरून फोन आला की इथून नेमकं काय करायचं?

उत्तर: तुमच्याकडे ९८८ ला, म्हणजे अमेरिकेतल्या मानसिक संकटाच्या हेल्पलाइनला, फोन केला की बऱ्याच काउंटींमध्ये समुपदेशक आणि जोडीला स्वतः व्यसनातून बाहेर पडलेला एखादा माणूस, असं फिरतं पथक घरी येऊ शकतं. कोथरूडला तसं कुणी दारात येईल हे धरून चालू नका. पुण्यात मदत आहे, पण सुटी सुटी. टेलि-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन (१४४१६) चोवीस तास फोनवर बोलते, मराठीतही. व्यसनासाठी १४४४६ आहे. १०८ ची रुग्णवाहिका मोफत येते आणि तिच्यात डॉक्टर असतो. ११२ वर पोलीस. ससूनचा अपघात विभाग रात्रभर उघडा असतो. हे सगळं एकमेकांना जोडणारा माणूस मात्र सरकार देत नाही. तो तुम्ही आजच ठरवायचा.

तुम्ही तिथून ११२ फिरवलात तर तो पुण्यात लागणार नाही. युरोपात राहणाऱ्यांचा फोन तर तिथलीच आपत्कालीन सेवा उचलेल. १४४१६ सारखे छोटे नंबरही बाहेरून लागतील याचा भरवसा नाही. म्हणून फोन पुण्यातूनच जायला हवा. तुमच्याकडे जवळच्या पोलीस चौकीचा आणि हॉस्पिटलचा लँडलाइन असू द्या, ०२० मधला पहिला शून्य काढून +९१ २० लावून.

माणसं तीन पुरतात. त्याच इमारतीतला एक शेजारी, ज्याच्यावर भावाचा राग नाही. वीस मिनिटांत गाडी घेऊन पोहोचेल असा एक नातेवाईक. आणि गेट उघडून रुग्णवाहिका आत घेणारा वॉचमन. घराची एक किल्ली शेजाऱ्याकडे राहू द्या, कारण कडी आतून लागली की निम्मा वेळ तिथेच जातो. पेठेत राहत असाल तर रुग्णवाहिका बोळाच्या तोंडाशीच थांबेल. तिथे उभं कोण राहणार हेही ठरवा. विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, तेव्हा कुठलं हॉस्पिटल गाठता येईल ते आधी पाहून ठेवा.

आईचं काम एकच: दाराबाहेर पडणं. समजूत घालायची नाही, बाटली हिसकावायची नाही. बोलणारा माणूस एकच असावा, हळू आवाजात, दार न अडवता. टीव्ही बंद. चुलत-मावस मंडळींना गोळा करू नका. चार जण समोर उभे राहिले की घाबरलेला माणूस अंगावर येतो.

आता सर्वांत जास्त चुकतं ते. घरच्यांना पिऊन आलेल्या रात्रीची भीती वाटते, पण रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटते तेव्हाचा धोका बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. ‘दोन दिवस शिवला नाही’ असं आई आनंदानं सांगते, आणि तेच दिवस जिवावरचे असतात. शेवटच्या घोटानंतर सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम येतो. फिट आली तर बहुधा पहिल्या ४८ तासांत येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात माणूस भ्रमतो, भिंतीवर किडे दिसतात, ताप चढतो, घरच्यांना ओळखत नाही. हा भ्रम उपचार न मिळाल्यास जीव घेतो. गटारी जोरात करून श्रावण पाळायला बसलेले, निवडणुकीच्या ड्राय डेमध्ये अडकलेले, घरच्यांनी ‘सोडवायची’ म्हणून खोलीत कोंडलेले, सगळे यात येतात. रोज पिणाऱ्यानं दारू डॉक्टरच्या देखरेखीखालीच थांबवावी.

फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात चमचा घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, घड्याळ बघा. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा शुद्ध न येता पुन्हा आली तर एक क्षणही थांबू नका. आणि थांबली तरी, दारू तुटलेल्या माणसाला हॉस्पिटल लागतंच. प्यायलेल्याला शांत करायला झोपेची गोळी देऊ नका, श्वास मंदावतो. जेवणात गुपचूप मिसळायची ‘दारू सोडवण्याची पावडर’ तर घरात आणूच नका. तिच्यात डायसल्फिराम (दारू सोडवण्यासाठी डॉक्टर देतात ते औषध) असेल आणि वर तो प्यायला, तर रक्तदाब कोसळू शकतो.

१०८ ला काय सांगता यावर बरंच ठरतं. ‘दारू पिऊन धिंगाणा घालतोय’ म्हटलं की तो पोलिसांचा विषय होतो. त्याऐवजी: ‘वय ३४, रोज दोन क्वार्टर, परवा रात्रीपासून बंद, एकदा फिट आली, माणसं ओळखत नाही.’ क्वार्टर म्हणजे १८० मिली, खंबा ७५०. डॉक्टरला हेच माप हवं असतं. लाजेपोटी पिणं लपवू नका. अशा रुग्णाला ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, द्यायचं असतं, आणि लपवलंत तर ते राहून जाऊ शकतं. पहिला थांबा नेहमी आयसीयू असलेलं हॉस्पिटल. मुक्तांगण १९८६ पासून पुण्यात उत्तम काम करतंय, पण व्यसनमुक्ती केंद्र म्हणजे अपघात विभाग नव्हे.

मरणाची भाषा केली तर सरळ विचारा, एकटं सोडू नका, १४४१६ लावा. काही घेतलं असेल तर उलटी करवू नका, पाकीट सोबत न्या, बरा दिसला तरी न्या. हॉस्पिटल एमएलसी नोंदवेल, म्हणजे पोलिसांना कळवेल, त्याला घाबरू नका: २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरतात.

याच कायद्यात दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक विकारही येतात. कलम ९४ खाली कुठलाही नोंदणीकृत डॉक्टर, अगदी घरी येऊनसुद्धा, जास्तीत जास्त ७२ तास तातडीचे उपचार देऊ शकतो. रुग्णाच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर कलम ८९: दोन तज्ज्ञांची स्वतंत्र तपासणी, त्यात एक मनोविकारतज्ज्ञ, आणि मुदत ३० दिवस. त्यामुळे ‘रात्री चार पोरं पाठवतो, इंजेक्शन देऊन उचलतो’ म्हणणाऱ्या केंद्राला ऑनलाइन पैसे पाठवू नका. नोंदणी कुठली, मनोविकारतज्ज्ञ कोण, रात्री फिट आली तर कुठे हलवता, आई भेटू शकते का, हे चार प्रश्न विचारा. उडवाउडवीची उत्तरं आली तर फोन ठेवा.

डिपॉझिटपुरते पैसे पुण्यातल्या माणसाच्या खात्यात असू द्या. मेडिक्लेममध्ये मानसिक आजार शारीरिक आजारासारखाच धरावा लागतो, पण दारूच्या व्यसनावरचे उपचार बहुतेक पॉलिसींच्या वगळलेल्या यादीत असतात. पॉलिसी आत्ताच वाचा.

राहिला तो भाऊ. शुद्धीत असेल अशा एखाद्या सकाळी त्यालाच विचारा: अडचण आली तर कुणाबरोबर गाडीत बसशील? कुठल्या दवाखान्यात अजिबात जायचं नाही? तो सांगेल त्याला मानसिक आरोग्य कायद्याच्याच कलम १४ खाली नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्याच्या बाजूनं उभा राहणारा माणूस, करता येतं. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर लिहून भावाची सही पुरते. ते नाव तुमचं नसलं तर वाईट वाटून घेऊ नका, रात्री दोनला पुण्यात असणाऱ्याचंच ते असलेलं बरं.